पिळलेला पाईप

फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते आणि काकू व्हॅनच्या मागच्या दारात पाय सोडून चहा पीत बसल्या होत्या. पलीकडून धाकटे मालक बोलत होते.

"काकू, सोंड बंद पडली. पाईप फुटलाय. अंगणभर तेल झालंय, गाई हंबरतायत. उडत या."

"मला पंख नाहीत, व्हॅन आहे," काकू म्हणाल्या. "मशीनच्या खाली कोणी गेलंय का?"

"अजून तरी नाही."

"जाऊ देऊ नका. आणि त्या पाईपला कोणी हात लावलेला दिसला, तर मी आल्या पावली परत जाईन."

सोंड म्हणजे त्या शेतावरचं टेलिहँडलर. ट्रॅक्टरएवढी गाडी आणि तिला एक लांबच लांब लोखंडी हात. हा हात वर होतो, पुढे सरकतो, टोकाच्या दोन काट्यांवर गवताचा गठ्ठा उचलून थेट गोठ्यात नेऊन ठेवतो. ही सगळी ताकद तेलाच्या दाबाची, आणि ते तेल खेळतं अंगठ्याएवढ्या जाड रबरी पाईपांतून. त्यातला एक फुटला की दहा माणसांचं काम करणारं धूड जागच्या जागी मुकाट उभं राहतं, आणि मग काकूंची आठवण होते. एरवी कोणी काकूंचं नाव काढत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही वाटत नव्हतं.

काकू मिस्त्रीण झाल्या त्या कुठे शिकून नव्हेत. लग्न होऊन आल्या त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी चहा द्यायला नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये गेल्या, तर नवरा, म्हणजे मिस्त्री, एका गाडीखाली अडकल्यासारखे पडलेले. "जरा हा पाना धर," ते म्हणाले. काकूंनी चहा खाली ठेवला आणि पाना धरला. तो चहा गार झाला आणि पाना पुढली तीस वर्षं हातातून सुटला नाही. पाईप बसवायचा तर दोन पाने लागतात. पाईपच्या टोकाला सहा कोनांची लोखंडी मान असते, एका पान्याने ती मान घट्ट धरायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. मान धरली नाही तर नटाबरोबर पाईपही पीळ खातो. पिळलेला पाईप दिसायला धडधाकट असतो, चार-सहा महिने, फार तर वर्षभर कामही करतो आणि मग एके दिवशी भर कामात फुटतो. एकाने धरायचं, एकाने फिरवायचं, हा त्यांच्या वर्कशॉपचा कायदा होता. काकू धरत, मिस्त्री फिरवत. पुढे पुढे कोण धरतंय आणि कोण फिरवतंय हे दोघांच्याही लक्षात राहीनासं झालं.

दोन वर्षांपूर्वी मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली, डावा हात मात्र खांद्यापासून लोंबकळत राहिला. नातेवाइकांनी वर्कशॉप विकायचा सल्ला दिला. जावेने तर गिऱ्हाईकसुद्धा शोधून आणलं. काकूंनी त्या गिऱ्हाइकाला चहा पाजला, वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी पाईप कापायचं आणि टोकं दाबून बसवायचं मशीन उचलून व्हॅनमध्ये चढवलं. पहिले काही महिने जिथे जातील तिथे एकच प्रश्न. "काका नाही आले?" काकू म्हणायच्या, "काका हवेत की पाईप हवाय ते आधी ठरवा." मग लोक पाईपच हवाय म्हणायचे.

शेतावर पोचल्या तर अंगणाच्या मधोमध सोंड उभी. हात अर्ध्यावर, काट्यांवर एक गठ्ठा तसाच टांगलेला, खाली तेलाचं थारोळं. धाकटे मालक फेऱ्या घालत होते. त्यांचा मेहुणा पत्र्याच्या शेडला टेकून उभा होता. तीन आठवड्यांपूर्वी बहिणीकडे राहायला आला होता आणि अजून गेला नव्हता. ड्रायव्हर चार हात लांब, एका उलट्या बादलीवर बसला होता. बावीस वर्षं तो त्या शेतावर होता आणि बावीस वर्षांत त्याने बावीस वाक्यं बोलली असतील की नाही, शंका होती. त्याला सगळे अबोल म्हणत. गोठ्यामागच्या दोन खोल्यांत त्याचा संसार होता. खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या. तिथल्या खिडकीत त्याची बायको उभी दिसत होती.

"करा सुरू," मालक म्हणाले.

"टेकू कुठाय?"

"कसला टेकू?"

"मशीनबरोबर लाल रंगाचा लोखंडी टेकू येतो. सिलिंडरच्या दांड्यावर बसवायचा, म्हणजे हात डोक्यात पडत नाही."

"काकू, त्याला झडप असते. हात पडत नाही. बघा की, तासभर झाला, तसाच उभा आहे."

"झडपेवर भरवसा तुम्ही ठेवा. खाली डोकं माझं जाणार आहे."

शोधाशोध झाली. टेकू सापडला वासरांच्या शेडपाशी. तिथलं फाटक वाऱ्याने आपटायचं म्हणून कोणीतरी तो फाटकाला लावून ठेवला होता. काकूंनी स्वतः जाऊन तो उपसला, फाटक धाडकन आपटलं, वासरं बिथरली आणि मेहुणा हसला. काकू हसल्या नाहीत. टेकू दांड्यावर चढवून पिना घातल्या, किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली, केबिनमधले दांडे पुढे-मागे करून पाईपांत अडकलेला दाब सोडला आणि मग कुठे त्या लोखंडी हाताच्या बुडाशी वाकल्या.

फुटका पाईप लगेच दिसला. मानेपासून चार बोटांवर रबर फाटून आतल्या तारा केसांसारख्या पिंजारल्या होत्या. काकूंनी फडक्याने पाईप पुसला. प्रत्येक पाईपवर लांबीभर एक छापील पांढरी रेघ असते. पाईप नीट बसवलेला असला तर ती सरळ जाते. ही रेघ सरळ नव्हती. मानेपासून निघून ती वेलीसारखी पाईपभोवती वळसा घेत गेली होती. काकूंनी पाईपची मान पुसली. सहाच्या सहा बाजूंवरचा रंग जसाच्या तसा, पान्याचा एकही ओरखडा नाही. नटावर मात्र ओरखडेच ओरखडे.

म्हणजे ज्याने बसवला त्याने एकच पाना वापरला होता.

मागून मालकांचा आवाज आला. "कळलं ना काय झालं? अबोल झटके देऊन चालवतो. किती वेळा सांगितलं. आता असं करा, काम झालं की तुमच्या वहीत तेवढं लिहून द्या. चालवणाऱ्याच्या चुकीने पाईप फुटला. बाबांना कागद लागतो. कागदाशिवाय ते कोणाला काढायला तयार होत नाहीत."

काकूंनी मान वर केली. मेहुणा आता शेडला टेकलेला नव्हता. तो सोंडेच्या केबिनपाशी जाऊन सीटवर हात फिरवत होता. सगळं गणित काकूंच्या डोक्यात लख्ख झालं. मेहुण्याला सीट हवी होती, सीट रिकामी करायला कागद हवा होता, आणि कागदापाठोपाठ त्या दोन खोल्याही रिकाम्या होणार होत्या.

"आधी काम करू द्या," काकू म्हणाल्या. "आणि तुमच्या पाहुण्यांना मशीनपासून लांब करा. अबोल, तू ये इकडे. दुसरा पाना धर."

अबोल आला. काकूंनी नट सैल केला, तसा पाईप पिळातून सुटलेल्या दोरीसारखा अर्धा वळसा उलटा फिरला. दोघांनीही ते पाहिलं. काकू व्हॅनपाशी गेल्या. फुटक्या पाईपची लांबी मोजली, पाईप टोकाला फाटलेला म्हणून दोनदा मोजली, नवा पाईप कापला, आत हवा मारून रबराचा भुसा उडवला, टोकं चढवून मशीनमध्ये दाबली. हात चालत होते आणि डोक्यात एकच विचार घुमत होता.

हा पाईप त्यांनी बसवलेला नव्हता. गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी त्या महिनाभर बाहेर होत्या, तेव्हा बसवला गेला होता. त्या परत आल्या त्या दिवशी मिस्त्री दारातच उभे होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. "सोंडेचा पाईप बदलून आलो," ते म्हणाले होते. "एकटा. शेजाऱ्याने गाडीने सोडलं, बाकी सगळं मी." काकूंनी ते गल्लीभर सांगितलं. जावेला तर मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यानंतर मिस्त्री पुन्हा कामावर गेले नाहीत, पण त्या एका कामावर त्यांनी वर्ष काढलं. कोणीही घरी आलं की विषय फिरून फिरून सोंडेवर यायचा. डॉक्टरांनासुद्धा तीनदा सांगून झालं होतं.

नवा पाईप घेऊन काकू परत वाकल्या. अबोल मान धरून, त्या नट फिरवत. पांढरी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ राहिली. मालक फोनवर बोलत लांब गेले होते.

"काका आले तेव्हा तू होतास?" काकूंनी खालच्या आवाजात विचारलं.

अबोलने मान डोलावली.

"पाना धरतो म्हणाला नाहीस?"

"म्हणालो होतो," तो म्हणाला. " रागावले. म्हणाले, मला कोणाच्या हाताची गरज नाही."

"मग सकाळपासून तोंडात मूग धरून का बसलायस? घर चाललंय तुझं! सांगायचं ना मालकांना, पाईप कसा बसवला होता ते!"

"कसं सांगणार?" अबोल पान्याकडे बघत म्हणाला. "काम झाल्यावर त्या बादलीवर बसले होते. खूप खूश होते, काकू. मला म्हणाले, बघ, जमलं."

काकूंना रडू आलं नाही, राग आला. नवऱ्याचा आला, त्याच्या ताठ्याचा आला, या मुखदुर्बळ माणसाच्या चांगुलपणाचाही आला. बावीस वर्षांची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर हा माणूस दुसऱ्याच्या एका खुशीपायी निमूट सोडून द्यायला निघाला होता! असल्या चांगल्या माणसांना एकदा गदागदा हलवलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. त्यांनी नट शेवटचा आवळला, तो जरा जास्तच जोरात.

मग तेल भरलं, टेकू काढला, किल्ली अबोलच्या हातात दिली. इंजिन सुरू झालं. काकूंनी पुठ्ठ्याचा एक तुकडा लांबून पाईपच्या दोन्ही टोकांपाशी फिरवला. बारीक भोकातून सुटलेलं तेल डोळ्यांना दिसत नाही आणि हाताच्या कातडीतून आत शिरतं, म्हणून हात कधीच लावायचा नाही. पुठ्ठा कोरडा राहिला. अबोलने दांडा हळूच ओढला. हात वर गेला, लांब झाला, आणि गठ्ठा असा अलगद गोठ्यात उतरला की त्यातली काडी हलली नाही.

"बघितलेत का झटके?" काकूंनी मालकांना विचारलं.

"आज तुमच्यासमोर नीट चालवतोय. ते राहू द्या. तेवढं लिहून द्या."

काकूंनी वही काढली, खाली कार्बन घातला आणि बॉनेटवर ठेवून लिहायला लागल्या. मालक खांद्यावरून वाचत होते. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय? 'पाईप बसवताना पिळला गेला. चालकाचा दोष नाही. चूक माझी.' काकू, डोकं ठिकाणावर आहे का? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय?"

"पाय माझा, धोंडाही माझा."

"हा कागद दिलात तर या शेतावरचं एकही मशीन तुमच्याकडे येणार नाही. ट्रॅक्टर नाही, सोंड नाही, काही नाही. आजूबाजूलाही सांगेन मी, काकूंना पाईप बसवता येत नाही म्हणून."

इतका वेळ काकू मालकांना अहो-जाहो करत होत्या. आता त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अरे, तू एवढासा होतास तेव्हापासून या अंगणात येतेय मी. ट्रॉलीच्या चाकाखाली तुझी सायकल गेली होती, ती मिस्त्रींनी सरळ करून दिली होती. कोणाला काय सांगायचं ते खुशाल सांग. पण या ड्रायव्हरने जे केलं नाही ते मी त्याच्या नावावर लिहिणार नाही. कागद तुझ्या बाबांच्या हातात मीच देऊन जाते, वाटेत कुठे उडून जायला नको."

आणि त्या सरळ घरात जाऊन खुर्चीतल्या थोरल्या मालकांच्या हातात कागद देऊन आल्या. म्हाताऱ्याने तो दोनदा वाचला, चष्मा काढला, आणि ड्रायव्हरला गोठ्यातलं काम आटपायला सांगा, एवढंच म्हणाला. मेहुण्याला दुपारी भलतीच घाई झाली आणि तो बहिणीचा निरोप घ्यायच्या तयारीला लागला, असं नंतर कळलं.

व्हॅनमध्ये बसल्यावर मात्र काकूंचा सगळा ताठा गळाला. फुटका पाईप मागे पडला होता. वर्कशॉपचा दुसरा कायदा असा की काढलेला प्रत्येक पाईप आधी मिस्त्रींच्या बाकावर जायचा. पाईप कशाने गेला हे कळल्याशिवाय नवा टिकत नाही, असं ते म्हणत. झटक्यानंतर तेवढं एक काम त्यांच्याकडे उरलं होतं. काकू पाईप आणायच्या, ते अंगठा फिरवून निदान करायचे. घासला गेला, उन्हाने वाळला, लांबीला कमी पडला. निदान कधी चुकलं नव्हतं. काकूंनी पाईप पोत्याखाली सरकवला आणि वरून तेलाचा रिकामा डबा ठेवला. तीस वर्षांत त्यांनी नवऱ्यापासून काही लपवलं नव्हतं. लपवण्यासारखं काही घडतच नव्हतं म्हणा.

मिस्त्री बाकापाशीच बसले होते. "सोंडेचा कोणता? माझा?"

"नाही. दुसरा. पलीकडचा."

"कुठाय?"

"राहिला तिथेच."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोललं की कानांपर्यंत लाल होतं. ते उठले, पाय ओढत व्हॅनपर्यंत गेले. काकू आडव्या आल्या नाहीत. आडव्या येऊन उपयोग नव्हता. डबा खाली पडल्याचा आवाज आला.

ते परत आले तेव्हा पाईप उजव्या हातात होता. त्यांनी तो बाकावर ठेवला, दिवा जवळ ओढला आणि पांढऱ्या रेघेवरून अंगठा नेला. तुटलेल्या तारांपाशी वेलीचं वळण अजून दिसत होतं. मान बघितली. कोऱ्या सहा बाजू बघितल्या.

"एकच पाना," ते म्हणाले. इतर पाईपांचं निदान सांगावं त्याच आवाजात.

"अहो, जुना झाला होता. कधी तरी जायचाच..."

"वही दाखव."

"कशाला?"

"दाखव."

काकूंनी वही दिली. कार्बनच्या निळ्या अक्षरांवर त्यांनी बोट ठेवून वाचलं, आणि 'चूक माझी' या दोन शब्दांपाशी बोट थांबलं. काकूंना वाटलं, आता हा माणूस खचणार. वर्षभर जपलेली एकुलती एक गोष्ट आपण त्याच्यासमोर फोडून ठेवली. त्या जवळ सरकल्या.

"तीस वर्षांत," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढत गेला, "तीस वर्षांत तू एक तरी पाईप पिळलास? एक तरी?"

"नाही."

"मग हे काय लिहून आलीस? कोणाला विचारून?"

खचले-बिचले नव्हते. संतापले होते. झटका यायच्या आधी ठरल्या जागी हातोडी न सापडल्यावर संतापायचे, तसे. त्यांनी फोन ओढला आणि एका हाताने धाकट्या मालकांचा नंबर लावला. काकूंनी फोन घ्यायला हात पुढे केला, तो त्यांनी कोपराने दूर सारला.

"मी मिस्त्री बोलतोय. नाही, काम मागायला फोन केला नाही. ऐका आधी. कागदावर बायकोने स्वतःची चूक लिहिलीय ती खोटी आहे. पाईप मी बसवला होता. एका हाताने, एका पान्याने. तुमचा ड्रायव्हर पाना धरतो म्हणाला होता, त्याला मीच हाकललं. बाबांनाही हे असंच सांगा. आणि माझ्या बायकोला पाईप बसवता येत नाही असं कोणाच्या तोंडून माझ्या कानावर आलं, तर पाय ओढत येईन, पण येईन. ठेवतो."

फोन ठेवल्यावर ते धापा टाकत होते. भिंतीवर खिळ्यांना जुने पाईप टांगलेले होते, प्रत्येकाला निदानाची चिठ्ठी. मिस्त्रींनी एक कोरी चिठ्ठी घेतली, दातांत दोरा धरून पिळलेल्या पाईपला बांधली, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं: बसवणाऱ्याचा ताठा. मग तो पाईप त्यांनी दारासमोरच्या खिळ्याला लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा.

"जाऊबाई आल्या की वाचतील," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता आणि तो लपवायला त्यांनी बाक पुसायला घेतलं.

"वाचू दे. वाचता येतं तिला." मिस्त्रींनी बाकावरचे दोन पाने उचलले, उजव्या हातात तोलले, आणि त्यातला मोठा काकूंच्या पुढे केला. "उद्यापासून मी व्हॅनमध्ये येणार. तू फिरव."

"आणि तुम्ही?"

"मी धरतो," मिस्त्री म्हणाले. "धरायला एक हात पुरतो."